तटात गेलेली देवळे

एकोणिसाव्या शतकात काढलेला पडक्या देवळाचा एखादा फोटो समोर धरा आणि आधी आभाळ बघा. ढगाचा पुंजका नाही, पाखरू नाही, नुसता कोरा कागद. त्या काळी फोटोसाठी वापरला जाणारा मसाला निळ्या प्रकाशाने चटकन बदलायचा आणि तांबड्याला जवळजवळ दादच द्यायचा नाही. त्यामुळे निळे आभाळ पांढरेफटक उमटायचे, आणि तांबडी माती, जांभा दगड, हिरवी झाडे काळीकुट्ट. बेळगावसारख्या लाल मातीच्या मुलखात काढलेले जुने फोटो इतके गंभीर दिसतात, त्यात मसाल्याच्या या स्वभावाचा मोठा वाटा आहे. भर दुपारी उन्हात तापलेला, लालबुंद धुळीने माखलेला किल्ला कागदावर येताना सुतकात बसल्यासारखा होतो.

माणसांचेही तसेच. उजेड पुरेसा मिळेपर्यंत कॅमेरा काही सेकंद, कधी काही मिनिटे उघडा ठेवावा लागे. तेवढ्या वेळात जो चालत गेला तो फोटोत आलाच नाही, जो जागेवर चुळबुळला तो धुरासारखा उमटला. स्पष्ट दिसतो तो फक्त खांबाशेजारी मुद्दाम उभा केलेला पागोटेवाला. त्याला उभे करायचे कारण खांबाची उंची कळावी हे. त्याचे नाव सहसा कुणी लिहून ठेवत नसे. म्हणजे जुन्या फोटोतले देवळाचे आवार निर्मनुष्य दिसते तेव्हा ते खरेच ओस असेल असे नाही. गुराखी, बायका, शिपाई तिथून गेले असतील, मसाल्याने त्यांची नोंद घेतली नाही एवढेच.

हे सगळे आधी सांगायचे कारण असे, की बेळगावच्या किल्ल्यातल्या देवळांकडे आपण आजही बरेचसे त्याच फोटोंच्या नजरेने बघतो. मोडके मंडप, शिखर नाही, भोवती गवत, मागे तटाची काळी रेघ. मग मनात गोष्ट तयारच असते: आधी देऊळ होते, मग किल्ला आला, किल्ल्याने देऊळ खाल्ले. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी तटाच्या दगडात आणि एका जुन्या जमाखर्चात आहे.

मुंबई सरकारने इमारतींचे फोटो काढण्यासाठी पहिला पगारी माणूस नेमला तो १८५५ मध्ये. कॅप्टन थॉमस बिग्ज हा तोफखान्यातला अधिकारी. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल ही त्याची कामगिरी. काम रंगात आले असतानाच त्याला लष्करात परत बोलावले आणि त्याच्या जागी डॉ. विल्यम हेन्री पिगू हा मुंबई वैद्यकीय सेवेतला डॉक्टर आला. एक तोफवाला आणि एक डॉक्टर! तेव्हा फोटोग्राफी हा रसायने हाताळायला न घाबरणाऱ्यांचा उद्योग होता, त्यामुळे ही निवड तशी विचित्र नाही. त्यांच्या फोटोंचे मोठे ग्रंथ १८६६ मध्ये लंडनला निघाले. त्यातल्या एकात धारवाड आणि म्हैसूरकडची देवळे आहेत. छपाईचा पैसा मुंबईतल्या धनाढ्य व्यापाऱ्यांनी दिला. कापसाच्या तेजीचा तो काळ.

बेळगावच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १८७४. त्या वर्षी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचे काम जेम्स बर्जेस या स्कॉटिश गृहस्थाकडे आले. जानेवारी ते मे या पहिल्याच मोसमात तो बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांत हिंडला, आणि त्याच वर्षी त्याचा अहवाल फोटो व शिळाछाप चित्रांसह लंडनला छापून निघाला. रेल्वे तेव्हा बेळगावला पोचलेली नव्हती. बैलगाडीवर काचा, बाटल्या, तंबू लादून जायचे, आणि पाहणी संपेपर्यंत वळीव गाठतोच. पश्चिम भारतातल्या या साऱ्या अहवालमालेची सुरुवात बेळगावपासून व्हावी, हे बेळगावकरांनी थोडे मिरवायला हरकत नाही.

बर्जेसला किल्ल्यात दोन जैन देवळे बघण्याजोगी सापडली. त्यातले एक चक्क लष्कराच्या रसदखात्याच्या आवारात होते. तेराव्या शतकातला मंडप, आणि त्याच्या आसपास पलटणीचा दाणागोटा. पण तो मंडप उभा राहिला याचे श्रेय काही अंशी त्या आवाराच्या कुंपणालाही द्यावे लागेल. शहराला लागून असलेले, मालक नसलेले घडीव दगडांचे देऊळ म्हणजे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला आयती खाण. लष्करी पहाऱ्यातला दगड मात्र कुणी बैलगाडीत घालून नेत नाही.

आता त्या देवळांकडे वळू.

आज जिला कमल बसदी म्हणतात ती यातली चांगल्या अवस्थेतली. बसदी म्हणजे जैन मंदिर, हे निपाणी-चिकोडीकडच्या वाचकाला सांगायला नको. बाहेरच्या मंडपात जाऊन मान वर करावी. छताच्या मधोमध दगडी कमळ उलटे लोंबते आहे. त्याला बहात्तर पाकळ्या आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी चोवीस तीर्थंकर धरले की हिशेब जुळतो. हे छत कमानीवर तोललेले नाही. एकावर एक दगडाचे थर थोडे थोडे आत सरकवत नेऊन वर तोंड मिटवायचे, अशी त्याची रीत. सगळे वजन सरळ खाली खांबांवर. चुन्याचा सांधा नाही, दगड दगडावर बसवलेला. घडणाऱ्यांची नजर इतकी पक्की की आठशे वर्षांनंतरही कमळ जागच्या जागी आहे.

जवळच चिक्क बसदी, म्हणजे धाकटी. तिची रया गेलेली आहे, पण दर्शनी बाजूवर नर्तकींची, वादकांची ओळ आणि फुलांचे काम अजून ओळखू येते. एके काळी हीच जास्त नावाजली जाई. दोघींत सरस कोण, असे मला कुणी विचारले तर मी धाकटीकडे बोट दाखवीन. कमळ थक्क करते, ती ओळ मात्र रेंगाळायला लावते.

ही देवळे बांधली रट्टांच्या काळात. रट्ट हे सौंदत्तीचे सरदार घराणे. आधी राष्ट्रकूटांचे, मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. आपण लत्तलूरचे, म्हणजे आजच्या लातूरचे, असे ते बिरुदात अभिमानाने सांगत. बाराव्या शतकात वेणुग्राम सत्तर हा प्रदेश गोव्याच्या कदंबांकडे होता. तो रट्टांनी घेतला आणि चौथ्या कार्तवीर्याच्या काळात राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला आली. नवी राजधानी म्हणजे नवी बांधकामे. कार्तवीर्याचा मंत्री बीचण ऊर्फ बीचिराज याने रट्ट जिनालय उभारले. इसवी सन १२०४ मध्ये राजाने आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन याने त्या देवळासाठी दान दिले. ते स्वीकारले शुभचंद्र भट्टारक या आचार्यांनी.

या दानाचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावचा सगळ्यात बोलका दगड बेळगावात नाही. लायोनेल बार्नेट याने ते वाचून एपिग्राफिया इंडिकात छापले, म्हणून निदान मजकूर तरी आपल्या हातात आहे.

मजकूर वाचताना देवळापेक्षा बाजारच डोळ्यांसमोर जास्त येतो. राजाने जमीन दिली हे तर आहेच. पण वेणुग्रामच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनीही मालावर ठरावीक भाग देवळाला लावून दिला. त्यात लाळ देशाचे, म्हणजे गुजरातकडचे, आणि मलयाळ देशाचे व्यापारी आहेत. कोकणातून घाट चढून आलेला माल बेळगावात उतरायचा आणि पुढे पठारावर जायचा, त्याचा हा पुरावा. जैन देवळाचा दिवा, नैवेद्य, मुनींचे अन्न आणि पडझडीची दुरुस्ती या सगळ्याचा खर्च त्या वाहत्या मालावर बेतलेला होता.

दुरुस्ती हा शब्द जुन्या दानलेखांत जवळजवळ दर वेळी येतो, आणि आपण तो वाचून पुढे जातो. तिथे थांबायला हवे. खांब आणि तुळई यांवर उभे असलेले देऊळ सहजासहजी पडत नाही, पण छतावर पाणी मुरले आणि सांध्यात पिंपळाचे बी रुजले की त्याचे दिवस भरले. बेळगावात पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. दर दिवाळीला कुणीतरी छतावर चढून रोपटी उपटली पाहिजेत, त्या माणसाला पोटाला मिळाले पाहिजे, आणि ते मिळण्यासाठी पेठेतला भाग वेळेवर आला पाहिजे. १२३०च्या दशकाच्या अखेरीस देवगिरीच्या यादवांनी रट्टांची सत्ता संपवली. राजधानी हे पद गेले. सनद देणारा राजा गेला की सनद लगेच रद्द होत नाही, पण ती मानायला लावणारा कुणी उरत नाही. मुळे सांध्यात शिरायला तेवढे पुरते. त्यासाठी कुठल्याही सैन्याची वाट बघावी लागत नाही.

पुढची दोनेकशे वर्षे बेळगाव हात बदलत राहिले. यादव, दिल्लीचे सुलतान, विजयनगर. १४७०च्या दशकात बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गावान गोवा जिंकून इकडे वळला. बेळगावच्या वेढ्यात सुरुंग लावून तट उडवल्याचे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, आणि दख्खनला ही युक्ती तेव्हा नवी होती असेही नोंदवतो. किल्ल्याच्या पुढच्या सगळ्या बांधकामाची किल्ली या एका गोष्टीत आहे. दारूगोळा आल्यावर उंच, सडपातळ भिंत कामाची राहिली नाही. भिंत जाड हवी, तिच्या पोटात भर हवी, बुरूज पुढे आलेले हवेत आणि भोवती रुंद खंदक हवा. डोंगरी किल्ल्याला डोंगरच संरक्षण देतो. बेळगावचा किल्ला भुईकोट. त्याला जे काही हवे ते माणसाने उभे करायचे किंवा खणायचे.

किल्ला साधारण लंबगोल आहे. लांबी नऊशे मीटरच्या आसपास, रुंदी सातशेच्या घरात. म्हणजे तटाचा फेर अडीच किलोमीटरच्या जवळपास जातो. एवढ्या लांब भिंतीला आत-बाहेर दोन्ही अंगांना दगड लावायचा, तोही शत्रू परत यायच्या आत. खंदक खणताना निघालेला मुरूम आणि दगड भरावाला चालतो, पण दर्शनी चिऱ्याला चालत नाही. घडीव दगडाची खरी किंमत दगडाला नसते, ती पाथरवटाच्या दिवसांना असते. खाणीतून ओबड दगड काढून त्याला काटकोन आणायला लागणारा वेळ ज्यात आधीच घातला गेला आहे, असे हजारो दगड तटाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर पडलेले. बांधकामावरच्या कुठल्याही मिस्त्रीने काय केले असते हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

दरवाजावरच्या फारसी लेखात याकूब अली खान याने हा तट पायापासून बांधल्याचे म्हटले आहे. पाया त्याने घातला असेल, पण दगड बरेच आधीचे. तटात ठिकठिकाणी कोरीव दगड ओळखू येतात. ते ओळखायची रीत सोपी आहे. नक्षीची पट्टी मध्येच तुटते आणि शेजारचा दगड साधा असतो. फुलांची वेल आडवी जायची ती उभी जाते, किंवा उलटी. एखाद्या चिऱ्याच्या कडेला खाच असते, जिचा त्या भिंतीत काही उपयोग नाही. ती मुळात शेजारच्या दगडाला जखडण्यासाठी होती. आणि सांध्यात चुना असतो. देवळातला दगड चुन्याशिवाय बसलेला होता, तटातल्याला चुना लागला, कारण आता त्याचे शेजारी त्याच्या मापाचे नव्हते.

गावात अशी कथा सांगतात की किल्ल्यात एके काळी एकशे आठ देवळे आणि एकशे एक बसद्या होत्या. आकडे कथेचे आहेत, मोजणीचे नाहीत. एकशे आठ हा आकडा ऐकला की हे कळावे. पण दोन बसद्या म्हणजे मूळ वस्तीतले थोडे अवशेष आहेत आणि बाकीचा पुष्कळसा दगड भिंतीत गेला, एवढे तट पाहूनच पटते.

मात्र सगळा जुना दगड केवळ सोय म्हणून वापरला, असेही म्हणता येत नाही. किल्ल्यातली सफा मशीद बघा. ती १५१९ च्या सुमाराची, आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याच्या नावाशी जोडलेली. तिच्या खांबांत काही जुन्या देवळांचे आहेत, आणि ते कोपऱ्यात दडवलेले नाहीत. त्यांच्यावर लेख आहेत: एक ११९९ चा, चौथ्या कार्तवीर्याच्या काळातला, आणि दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्णाच्या काळातला. भाषा कन्नड, लिपी नागरी. या सीमाभागात भाषा आणि लिपीवरून किती माती उडाली हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या खांबापुढे हसू आल्याशिवाय राहणार नाही.

रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या दोन अभ्यासकांनी दख्खनच्या किल्ल्यांवर २०१४ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. सोळाव्या शतकात विजयनगरच्या रामरायाला आणि विजापूरच्या आदिलशहालाही कल्याणीच्या चालुक्यांच्या जुन्या वास्तूंचे आकर्षण होते, जुने खांब आणि लेख मुद्दाम दरवाजात बसवून ते त्या जुन्या वैभवाशी आपले नाते दाखवत, असे त्यांचे म्हणणे. विजापूरच्या बालेकिल्ल्याच्या दरवाजात चालुक्यकालीन खांब आहेत. सफा मशिदीतल्या खांबांना हे लागू पडते की नाही, यावर वाद घालता येईल. मला तरी तटातला उलटा चिरा आणि मशिदीतला सरळ उभा, उजेडात ठेवलेला खांब ही एकाच हेतूची कामे वाटत नाहीत. पहिल्यात घाई आहे, दुसऱ्यात निवड. आणि दोन्हींच्या मागे ज्या देवळातून दगड आला त्याचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. तो आवडत्या उत्तराने मिटवू नये, डावीकडूनही नाही आणि उजवीकडूनही नाही.

असाच तिढा जगात सगळ्यात गाजलेल्या देवळाच्या वाट्याला आला. अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉन आणि शेजारची देवळे. त्यांच्याभोवती मध्ययुगापासून किल्ला होता. तुर्कांनी १६८६ मध्ये अथीना नायकीचे छोटे देऊळ उतरवले आणि त्याचे दगड तोफांच्या बुरजात घातले. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या तोफगोळ्याने पार्थेनॉनमधले दारूकोठार उडाले. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर १८३० च्या दशकात तो बुरूज पाडला, आतून देवळाचे दगड जसेच्या तसे निघाले आणि देऊळ पुन्हा उभे करता आले! बुरजाने ते दीडशे वर्षे पोटात सांभाळले होते.

तिथेच एक उंच चौकोनी मनोरा होता, फ्रँक सरदारांच्या काळातला. सुरुवातीच्या फोटोग्राफरांनी अथेन्सचे फोटो काढले त्यात तो ठसठशीत दिसतो. १८७५ मध्ये तो पाडला, कारण ‘खऱ्या’ ग्रीक अवशेषांत तो परका वाटत होता. पैसा दिला ट्रॉय खणून काढणाऱ्या हाइनरिक श्लीमनने. आज तो मनोरा फक्त चित्रांत आणि फोटोंत उरला आहे. बर्जेस बेळगावच्या मंडपांची मापे घेत होता त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. एकोणिसाव्या शतकाची आवड अशी होती: अवशेष हवा तर निर्भेळ हवा, एकाच काळाचा, मधल्या लोकांनी हात न लावलेला. फोटोग्राफरही तिपाई अशी लावायचा की तट चौकटीबाहेर जाईल, आणि नाहीच गेला तर मागे काळी रेघ होऊन राहील.

बेळगावला ती आवड परवडली नाही, कारण किल्ला तेव्हा चालता होता. पेशवाईच्या अखेरच्या लढाईत जनरल मन्रो १८१८ च्या मार्चमध्ये बेळगावला येऊन बसला आणि सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर १० एप्रिलला किल्ला त्याच्या हाती आला. पुढे बेळगावात छावणी पडली ती कायमची. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आजही इथेच आहे. लष्कराने किल्ला वापरला, म्हणून तट पाडून विटा-दगड विकले गेले नाहीत. म्हणूनच त्या तटात अडकलेले देवळाचे दगडही जागेवर राहिले.

याच पट्ट्यात थोडे उत्तरेला गेले की तुलनेसाठी चांगले नमुने मिळतात. कृष्णाकाठचे खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्यात येते, पण चिकोडीकडून तसे लांब नाही. तिथल्या कोपेश्वराला यादव सिंघणाने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दान दिल्याचा शिलालेख आहे, आणि गावात त्याच धर्तीची जैन बसदीही आहे. मूर्तींची तोडफोड तिथेही झालेली दिसते. पण देवळाच्या दगडावर दात ठेवणारा मोठा भुईकोट शेजारी नव्हता. म्हणून भिंती, खांब आणि वर उघडा असलेला तो गोल स्वर्गमंडप जागच्या जागी. खिद्रापूर पाहून बेळगावला आले की बेळगावच्या बसद्यांचे काय काय गेले याचा अंदाज बांधता येतो.

सोलापूरच्या भुईकोटात मात्र बेळगावचाच प्रकार. त्या किल्ल्याच्या आत जुन्या देवळाचे अवशेष उघडे पडलेले आहेत. सपाट मुलूख, दारूगोळ्याचा काळ, आणि जवळ आयता घडीव दगड: या तीन गोष्टी एकत्र आल्या की असे होते. निपाणीला सिद्धोजीराव निंबाळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गढी भक्कम केली, तोवर युद्धाचे तंत्र इतके पुढे गेले होते की असले किल्ले उपयोगापेक्षा इभ्रतीचे झाले होते. सिद्धोजीराव १८३९ मध्ये वारले आणि जहागीर कंपनी सरकारने खालसा केली.

निपाणीजवळ तवंदी घाटात स्तवनिधी आहे. पुणे-बंगळूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ते डोंगराच्या कुशीत दिसते. पार्श्वनाथाचे क्षेत्र. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये इथेच झाली. या भागातला जैन समाज प्रामुख्याने शेतकरी. घरात मराठी, बाजारात कन्नड, किंवा उलट. रट्टांच्या देवळांकडे बघताना हा समाज विसरला जातो. फोटोत ओस पडलेली बसदी दिसली की वाटते, हा धर्म इथून निघून गेला. तो कुठेही गेला नाही. राजाश्रय गेला, पेठेतला भाग थांबला, राजधानीतली देवळे मोकळी पडली, पण गावागावांतल्या बसद्या शेतकऱ्यांच्या धान्यावर चालत राहिल्या. देऊळ राजधानीत असण्याचा तोटा असा, की सत्तेबरोबर त्याचेही नशीब फिरते. खेड्यातल्या साध्या देवळाला तेवढे शत्रू नसतात आणि तेवढे चाहतेही.

कमल बसदी आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि तिथे पूजाही चालते. गाभाऱ्यात नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. १२०४ च्या लेखातले दान मात्र शांतिनाथांसाठी आहे. म्हणजे मधल्या शतकांत मूर्तींचेही स्थलांतर झालेले असणार. जाणारा माणूस हा फरक विचारत नाही, आणि नमस्कार करणाऱ्याला त्याची गरजही नाही.

किल्ला शहराच्या पूर्वेला, मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत जाण्याजोगा. शेजारी किल्ला तलाव. आत शिरताना दुर्गादेवीचे देऊळ लागते. पुढे रामकृष्ण मिशनचा आश्रम, कारण विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला येऊन राहिले होते. किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे असल्याने कुठे फोटो काढता येतो हे आधी विचारून घ्यावे. बसदीत जायला सकाळची वेळ बरी. मंडपाच्या कडेने ऊन तिरपे आत येते तेव्हा छतातल्या कमळाच्या पाकळ्या सुट्या सुट्या मोजता येतात. चिक्क बसदीतल्या नर्तकींसाठी दुपार कलल्यावर परत यावे, आणि मधल्या वेळात तटाच्या कडेने चालावे.